मुक्कामी गाडी

आमच्या घरी चारचाकी नाही. हे कळलं की पाहुणे आधी हळहळतात. "साताऱ्यात राहायचं आणि गाडी नाही? मग कास, ठोसेघर बघता तरी कसं?"

बघतो की, एसटीनं. फक्त डोंगरात जायचं तर देखाव्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी लागते : परतीची गाडी कितीला? जाणारी गाडी काय, कुणालाही मिळते.

ही माहिती चौकशीच्या खिडकीवर मिळते, असा नवख्यांचा समज असतो. खरी माहिती फलाटावरच्या बाकड्यावर, पायांशी पिशव्या घेऊन बसलेल्या मावशींकडे. पाटी न वाचता, नुसता ड्रायव्हर बघून त्या गाडी ओळखतात.

"बामणोलीची का ओ?"

"व्हय. पण त्या अंगाला बसू नगा, घाट चढूस्तोवर ऊन लागतं."

मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून मला तरी मावशींची संख्या वाढलेली वाटते. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात आमचा हात कोण धरणार, अशी घमेंड होती. ती गेली. त्यांचा नेम चांगला आहे.

यवतेश्वरच्या घाटात गाडी कण्हत चढते. मोटारीतल्या माणसाला पुढच्या मोटारीचा पार्श्वभाग दिसतो. एसटीच्या उंचीवरून कठडा ओलांडून खाली सातारा दिसतो आणि त्याला टेकून बसलेला अजिंक्यतारा. सप्टेंबरात कासच्या पठारावर फुलं येतात, तेव्हा मोटारी तिथेच थबकतात. एसटी बघ्यांना उतरवते आणि पुढे निघते. तिच्या पोटात कुणाच्या औषधाच्या गोळ्या असतात, कुणाचा दुरुस्त करून आणलेला मिक्सर. फुलं बघत बसायला तिला सवड नसते.

बामणोलीला रस्ता पाण्याशी येऊन टेकतो. कोयनेचं धरण झालं, खोऱ्यातल्या वाटा शिवसागर जलाशयात बुडाल्या आणि पलीकडच्यांना लाँच हीच एसटी झाली. म्हणजे इथे गाडी चुकली की होडीही चुकते. साताऱ्यात बसून 'दहा मिनिटं उशीर' म्हणणं सोपं. पलीकडच्या माणसाला त्या दहा मिनिटांची कधी कधी एक रात्र पडते.

मला ती एकदाच पडली, आणि चूक सर्वस्वी माझी होती. पाण्याकाठी चहा घेत, सूर्य कुठल्या डोंगरामागे जातो हे बघत बसलो. सूर्य गेला, गाडीही गेली. वडापवाले, म्हणजे माणसं भरून नेणारे जीपवाले, त्याच्या कितीतरी आधी घरी पोचलेले. चहावाल्यानं कपाळाला हात लावला नाही की सहानुभूती दाखवली नाही. एवढंच म्हणाला, "मुक्कामी येईल की. सकाळी तिनंच जावा."

मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावाला येऊन तिथेच झोपणारी आणि पहाटे शहराकडे निघणारी गाडी. शहरात एसटी सरकारची असते. मुक्कामाला ती गावची होते. देवळासमोर ती उभी राहिली की पोरं टायरला लाथा मारून हवा तपासतात. ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण कुठे, हे कुणी विचारत नाही, ते ठरलेलं असतं. त्या रात्री तिसरं ताट माझं होतं. नाचणीची भाकरी, पिठलं आणि कंडक्टरच्या मुलीच्या लग्नाची काळजी. अंथरूण गाडीतच, मागच्या लांब बाकावर. रात्रभर पत्र्यावर काहीतरी टपटपत होतं. दव म्हणावं तर फार जोरात, पाऊस म्हणावा तर फार सावकाश.

पहाटे इंजिन सुरू झालं तेव्हा बाहेर धुकं होतं. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. दारं उघडल्याचे, चुलीवरून काहीतरी उतरवल्याचे आवाज आले. एकेक जण चढला. कंडक्टरनं माणसं मोजली, पण घंटा काही मारली नाही.

"एक पोरगं राहिलंय."

पोरगं आलं, धापा टाकत चढलं, खिसे चाचपले आणि ओरडलं, "मामा, कागदं घरीच राहिली!"

"मग पळ की!"

ते पळालं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तंबाखूची डबी काढली. मी विचारलं, कसली कागदं?

"लायसनची. आज टेस्ट हाय त्याची, साताऱ्यात," कंडक्टर म्हणाला. "मोटार चालवायची."