बेथलेहेम ते रामल्लाह, २५ किलोमीटर

ऑक्टोबर २०१८. सकाळी साडेसहाला मी बेथलेहेमच्या टॅक्सी स्टँडवर पोचले, तेव्हा मुअल्लिम आधीच येऊन बसले होते. मांडीवर निळी कापडी बॅग, आणि बॅगेत एक पाय. उजवा, गुडघ्याखालचा.

मुअल्लिम म्हणजे हातात कसब असलेला माणूस, उस्ताद. कार्यशाळेत सगळे त्यांना तशीच हाक मारायचे, मीही. मुंबईला हाजी अलीच्या संस्थेत मी कृत्रिम अवयव बनवायला शिकले. पण प्लास्टरच्या साच्यावर कानस फिरवताना नेमकं कुठे थांबायचं, हे मला त्यांच्या हातांकडे बघून कळलं. मी एका मदतसंस्थेकडून वर्षभरासाठी पॅलेस्टाइनमध्ये गेले होते. ते मूळचे अल-खलीलचे, म्हणजे आपण ज्याला हेब्रॉन म्हणतो तिथले.

पाय होता रामल्लाहजवळच्या एका गावातल्या शिंप्याचा. मधुमेहाने पाय गेलेला. माप घ्यायला मुअल्लिमच गेले होते. दहा वाजता रामल्लाहच्या दवाखान्यात पाय चढवून बघायचा होता.

नकाशात ही शहरं एका ओळीत आहेत. दक्षिणेकडून अल-खलील, बेथलेहेम, जेरुसलेम, रामल्लाह, नाब्लुस, जेनिन. डोंगराच्या माथ्यावरून जाणारी ही जुनी वाट. माथ्याच्या पश्चिमेला पडलेला पाऊस भूमध्य समुद्राकडे जातो, पूर्वेला पडलेला मृत समुद्राकडे. आजचा मार्ग क्रमांक ६० याच वाटेने जातो. बेथलेहेमपासून जेरुसलेम साधारण १० किलोमीटर, तिथून रामल्लाह १५. म्हणजे दादर ते ठाणे.

पण मुअल्लिमांकडे पश्चिम किनाऱ्याचं, म्हणजे इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकचं, हिरवं ओळखपत्र. १९९३ पासून परवान्याशिवाय त्यांना जेरुसलेममध्ये पाऊल टाकता येत नाही. त्यामुळे दक्षिणेकडच्या माणसाने रामल्लाहला जायचं तर जेरुसलेमला पूर्वेकडून मोठा वळसा घालायचा, वादी अन्-नारच्या घाटातून. वादी अन्-नार म्हणजे आगीची दरी. अरुंद रस्ता, अंगावर येणारी वळणं, आणि त्यावर एक इस्रायली तपासणी नाका. लोक त्याला ‘कंटेनर’ म्हणतात. पूर्वी तिथे कंटेनरमध्ये थाटलेलं दुकान होतं, त्याचं नाव नाक्याला चिकटलं. दक्षिण आणि मध्य-उत्तर भागांमधली पॅलेस्टिनी वाहतूक या एका फटीतून जाते. नाका बंद झाला की पश्चिम किनारा तिथे दुभंगतो.

आमची सर्वीस, म्हणजे सात जणांची पिवळी टॅक्सी, निघाली तेव्हा ड्रायव्हर फोनवर रस्त्याची खबर बघत होता. तिकडे प्रत्येकाच्या फोनवर असा एखादा गट असतोच. लोक नाक्याचं नाव टाकून विचारतात आणि एका शब्दात उत्तर येतं. सालिक म्हणजे मोकळा. अज़्मे म्हणजे गर्दी. मसक्कर म्हणजे बंद. मला अरबीतले आकडे पाठ व्हायच्या आधी हे तीन शब्द पाठ झाले होते.

‘सालिक,’ ड्रायव्हर म्हणाला. घाट लागेपर्यंत त्याचं अज़्मे झालं, आणि आम्ही रांगेत उभे राहिलो तेव्हा मसक्कर.

का बंद, किती वेळ, कुणी सांगितलं नाही. इंजिनं बंद झाली. मागच्या सीटवरच्या मुलीची अबू दीसच्या विद्यापीठात परीक्षा होती. ती वही उघडून बसली, मग वही मिटून नुसती बसली. सव्वानऊ झाले. दवाखान्यातून फोन आला की शिंपीबाबा मुलाबरोबर येऊन थांबलेत.

मुअल्लिमांनी बॅग माझ्या हातात दिली. ‘तू अल-कुद्समधून जा.’ अल-कुद्स म्हणजे जेरुसलेम.

माझ्याकडे भारतीय पासपोर्ट होता आणि त्यावर व्हिसा. एवढंच. मी म्हटलं, साचा तुम्ही केलात, त्यांचा स्टंप, म्हणजे कापून उरलेला पाय, तुम्ही हाताळलाय, मी नुसता पाय नेऊन काय करू? ते म्हणाले, ‘तो माणूस चार महिने बसून आहे.’

मी रांगेच्या कडेने उलटी चालत गेले. परत फिरणाऱ्या एका गाडीने मला बेथलेहेममध्ये सोडलं. मग इस्रायलने बांधलेल्या भिंतीतला ३०० नंबरचा नाका. इथे तेव्हा पहाटे मजुरांची रेटारेटी असायची. साडेदहाला लोखंडी गज आणि फिरती दारं मोकळी होती. बॅग एक्स-रे यंत्रात गेली आणि पट्टा थांबला. काचेमागची सैनिक मुलगी विशीतली असेल. तिने पाय बाहेर काढायला सांगितला. मी सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो ती खोबण, नळी आणि पाऊल दाखवलं, कशासाठी आहे ते सांगितलं. तिने पासपोर्ट पाहिला, मला जायला खूण केली. पाच मिनिटं लागली असतील. त्या पाच मिनिटांची मला आजही शरम वाटते, इतकी ती सोपी होती.

बसने जेरुसलेम. शहरात दक्षिणेकडून येणाऱ्या रस्त्याचं नाव आजही हेब्रॉन रोड आहे आणि उत्तरेकडे जाणाऱ्याचं नाब्लुस रोड. जाफा दरवाजाला अरबीत बाब अल-खलील म्हणतात, म्हणजे मुअल्लिमांच्या गावचा दरवाजा. मांडीवर त्यांची बॅग घेऊन मी त्यांच्या गावच्या रस्त्याने चालले होते. बाब अल-अमूद, म्हणजे दमास्कस दरवाजा, त्याच्याजवळ दुसरी बस धरली. कलंदियाचा नाका ओलांडून बाराच्या आत मी रामल्लाहात होते.

शिंपीबाबांनी आधी माझ्या मागे दाराकडे पाहिलं. ‘मुअल्लिम?’

मी व्हिडिओ कॉल लावला. ते अजून रांगेतच होते, पाठीमागे तोच उघडा डोंगर. बाबांनी मोजे चढवले, मी सॉकेट बसवलं, ते समांतर दांड्यांमध्ये उभे राहिले. आठ-दहा पावलं चालले. मला चाल ठीक वाटली. मुअल्लिम फोनमधून म्हणाले, ‘ते बाहेरच्या बाजूला झुकतायत. पाय काढून बघ.’ काढला. फिब्युलाच्या डोक्यावर, म्हणजे गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा असतो तिथे, लाल डाग उठला होता. तिथे सॉकेट गरम करून किती फुगवायचं, ते त्यांनी अंगठा आणि बोट कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं. तेवढं बारीक अंतर फोनच्या पडद्यावर कसं मोजायचं? अंदाजाने केलं. तिसऱ्यांदा डाग उठला नाही. मग ॲलन कीने पाऊल किंचित बाहेर वळवलं.

तेवढ्यात बाबांच्या मुलाने पिशवीतून शिलाई मशीनचं पेडल काढून जमिनीवर ठेवलं. हे माझ्या यादीत नव्हतं. मुअल्लिमांनी मापाच्या वेळीच त्यांना घेऊन यायला सांगितलं होतं. पावलाला संवेदना नसते, दाब गुडघ्यातून द्यावा लागतो. बाबांनी पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा अर्ध्यावर दाबून धरलं. अर्ध्यावर धरणं अवघड. घामाने त्यांचा शर्ट ओला झाला. फोनमधून आवाज येत होता, ‘हळू, हज्ज. कॉलर शिवतोय असं समजा.’

नाका दुपारी उघडला. तोवर आमची सर्वीस मागे फिरली होती.

दुसऱ्या दिवशी मुअल्लिमांनी मला पायाबद्दल आधी विचारलं नाही. बस कुठून गेली, बाब अल-अमूदसमोर तीळ लावलेले लांबट पाव विकणारे अजून बसतात का, असं विचारत राहिले. वडिलांबरोबर लहानपणी ते अल-खलीलहून बसने थेट त्या दरवाजापर्यंत जायचे. बसतात, मी सांगितलं.

मग त्यांनी नोंदवही उघडली. तीन आठवड्यांनी शिंपीबाबांना पुन्हा बोलवायचं होतं, स्टंप आक्रसला की सॉकेट सैल होतं. त्यांनी तारीख लिहिली, आणि तिच्यापुढे निघायची वेळ लिहिली: पहाटे ४.