कपडे लेकीचे, पसंती झेलणाऱ्यांची

चिअरलीडिंग म्हटलं की २००८ पासून आपल्या डोळ्यांपुढे आयपीएलच्या सीमारेषेपलीकडे नाचणाऱ्या मुलीच येतात. लेक चिअरला जाते म्हटल्यावर आईचा फोनवर पहिला प्रश्न हाच, "कपडे नीट असतात ना गं?" म्हणून पहिल्या दिवशी मी तिला मुद्दाम ढगळ सुती टी-शर्टात पाठवलं.

इथे डॅलसमध्ये चिअर म्हणजे गल्ली क्रिकेटइतकं घरोघरीचं. १९४८ साली नॅशनल चिअरलीडर्स असोसिएशन काढणारे लॉरेन्स हर्किमर इथलेच. स्पर्धेत अडीच मिनिटांत कोलांट्या, उड्या आणि दहीहंडीसारखे थर. खाली दोघी 'बेस', मागे 'बॅकस्पॉट', वर 'फ्लायर', म्हणजे आमची लेक. पहिल्याच तासाला ती वरून खाली आली तेव्हा बेसच्या मुठीत पोरीऐवजी टी-शर्टच आला. मॅटवर आपटली, लागलं नाही, पण माझ्या पोटात गोळा आला. कोचने टी-शर्ट मागून गोळा करून त्याला केसांचं रबर बांधलं आणि मला एवढंच म्हणाली, "उद्यापासून अंगाबरोबरचं."

तेव्हापासून दुकानात मी कापड बोटांत धरून उभं-आडवं ताणते. पॉलिस्टर-स्पँडेक्स ताण सोडला की जागेवर आलं पाहिजे. सुती घामाने भिजून जड होतं. चकचकीत, गुळगुळीत लेगिंग्ज मला फार आवडल्या होत्या, पण त्यावरून कमरेची पकड सुटते. चेन, हुक, खडे अजिबात नकोत, झेलणारीच्या हातांना ओरबाडे येतात. ट्रायल रूममध्ये लेक एक पाय कानापाशी नेऊन शॉर्ट्स वर सरकते का ते बघते. परवा टाच दारावर अशी आपटली की बाहेरच्या बाई धावत आल्या! पांढरे, हलके बूट मात्र रस्त्यावर घालायचे नाहीत. त्या तळव्यांखाली कुणाचे तरी हात असतात.

उन्हाळ्यात आई इथे आली होती. शनिवारी सरावाआधी तिने नातीच्या पोटऱ्यांना प्रेमाने खोबरेल चोळलं. व्हायचं तेच झालं, बेसच्या हातून घोटा सुटला. लेक घरी येऊन कुरकुरली तर आई म्हणते, "अगं, आपल्याकडे मल्लखांबाला एरंडेल लावतात!"

"आजी, तो खांब कुणाला झेलत नाही."

आता तेल रविवारी, सराव नसतो तेव्हा.