बिल्बोचं हक्कसोडपत्र

कॉलेजात असताना फाउंटनच्या फुटपाथवरनं घेतलेलं 'द हॉबिट' गेल्या आठवड्यात परत वाचायला काढलं. १९३७ चं पुस्तक, टोल्किननं मुलांसाठी लिहिलेलं, आणि पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पण ते ड्रॅगन, बुटके, जादूची अंगठी यासाठीच वाचलेलं. या वेळी बोरिवली ते चर्चगेट रोज जाता-येता वाचत होते आणि दादर गेलं तरी मला पत्ता नसायचा, कारण आमच्या घरात गेलं वर्षभर नेमकं हेच चाललंय.

आधी स्मॉग. आपल्याकडे म्हणतात ना गुप्तधनावर नाग बसतो, तसाच हा ड्रॅगन, डोंगराच्या पोटात सोन्याच्या ढिगावर वर्षानुवर्षं झोपलेला. सोनं त्याच्या काही कामाचं नाही, पण बिल्बो, म्हणजे गोष्टीचा नायक, बुटक्यांनी खजिना परत मिळवायला करार करून सोबत घेतलेला छोट्या चणीचा हॉबिट, त्यातला दोन कानांचा एक पेला उचलून नेतो तर जाग आल्याबरोबर ह्याला कळतं की पेला कमी आहे, आणि त्या एका पेल्यासाठी तो अख्खा डोंगर भाजून काढायला निघतो. मला आमच्या शोकेसमधला कपबशांचा सेट आठवला. आईच्या लग्नात आलेला, सोनेरी काठाचा, त्यात कुणी चहा प्यायलेला मी कधी पाहिला नाही, पण मी सातवीत असताना त्यातली एक बशी फुटली तर घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

पण मला खरी भीती थोरिनची, त्या बुटक्यांच्या म्होरक्याची, वाटली. स्मॉग काय, ड्रॅगनच तो. थोरिन चांगला आहे, शूर आहे, आणि मुख्य म्हणजे त्याचा मुद्दा बरोबर आहे, खजिना खरंच त्याच्या आजोबांचा. स्मॉग मेल्यावर तळ्यावरच्या गावचे लोक वाटा मागायला येतात. ह्याच लोकांनी थोरिनच्या मंडळींना जेवू घातलं, होड्या दिल्या, ह्यांच्याच गावाची ड्रॅगननं राखरांगोळी केली, आणि तो ड्रॅगन मारला तो पण ह्यांच्यातल्याच बार्डनं. थंडी तोंडावर, डोक्यावर छप्पर नाही. आणि थोरिन दारात भिंत बांधून आत बसतो, त्या बेचव क्रॅम बिस्किटांवर दिवस काढतो पण एक नाणं सोडत नाही. लोभ असा हक्काचा कागद हातात घेऊन आला की त्याला लोभ म्हणायची कुणाची हिंमत होत नाही, हे मला या वेळी कळलं.

परळची आमची खोली दहा बाय बारा. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, डेव्हलपरनं वारसांची कागदपत्रं मागितली आणि एका ताटात जेवलेले तीन भाऊ वकिलामार्फत बोलायला लागले. कुणाचंही ऐकायला बसलं की तोच बरोबर वाटतो. माझे बाबा पण त्यातलेच एक, हे लिहिताना मला त्रास होतोय.

म्हणून आता बिल्बो. करारात त्याला चौदावा हिस्सा कबूल केलेला. आर्केनस्टोन, म्हणजे सगळ्या खजिन्यात थोरिनला ज्याची सगळ्यात जास्त ओढ आहे ते रत्न, बिल्बोलाच सापडतं आणि तो ते चक्क लपवतो, चिंध्यांच्या गाठोड्यात गुंडाळून उशाला घेऊन झोपतो. मोह त्यालाही आहेच! आणि मग एका रात्री बाँबर नावाच्या बुटक्याच्या पहाऱ्याची पाळी स्वतःकडे घेतो, दोरावरनं खाली उतरतो आणि ते रत्न बार्डच्या हातात ठेवतो, का तर थोरिनशी बोलणी करायला त्यांच्या हातात काहीतरी असावं. देताना त्याच्या अंगावर शहारा येतो, एकदा आशेनं त्याच्याकडे बघतो, पण देतो. आपला चौदावा हिस्सा त्यात गेला असं समजा म्हणतो. हे हक्कसोडपत्रच की! आणि एवढं करून परत दोर चढून त्याच चिडक्या मित्रांकडे जातो, बाँबरला उठवून झोपायला. हे परत जाणं मला रत्न देण्यापेक्षा मोठं वाटतं.

आमच्याकडे सही आत्यानं केली. भायखळ्याहून एकटी आली, सगळ्यांसमोर कागदावर सही केली आणि म्हणाली, मला फक्त आईचं पुरणयंत्र द्या. पितळेचं, दांड्याची मूठ आजीच्या हातानं झिजून गुळगुळीत झालेली. तिन्ही भाऊ खाली बघत होते. ती पिशवी घेऊन जिना उतरली तेव्हा मी सोबत गेले, रिक्षा मिळत नाही तिथं म्हणून टॅक्सी करून देत होते तर म्हणाली, अगं बस आहे की.

शेवटी घरी जाताना बिल्बो जंगलात राहणाऱ्या एल्फ लोकांच्या राजाला चांदी-मोत्यांचा हार देतो, कारण त्याच्या महालात लपून राहिलेला असताना त्याचं अन्न खाल्लेलं. कुणी मागितलं नव्हतं, राजाला तर तो कधी आत होता हेही ठाऊक नव्हतं. आमच्या चाळीत शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही असं होतं, वाटीभर साखर का होईना, पण घालायची. मोठ्या खजिन्यातनं बिल्बो फक्त दोन छोट्या पेट्या घेऊन निघतो, आणि त्यातलंही पुष्कळसं पुढं लोकांना भेटी देण्यात जातं.

होळीला आत्यानं पुरणपोळ्या पाठवल्या होत्या, त्याच पुरणयंत्रातलं पुरण. तिचा स्टीलचा डबा अजून आमच्या ओट्यावर आहे. काल रात्री बाबांनी तो स्वतः घासला, पुसला आणि आईला विचारलं, ह्यात काय घालून द्यायचं, रविवारी मीच जाऊन येतो म्हणतोय.