सूर्याकडे पाठ करून

आमच्या आकाश पाहणाऱ्या हौशी मंडळाचा वार्षिक मेळावा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भरत असे. जळगावचा मे महिना ज्यांनी भोगला आहे, त्यांना हे वेडेपण वाटेल. पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेलेला, रस्ते ओस पडलेले, आणि आम्ही तीस-चाळीस माणसे शाळेच्या मैदानावर नळ्या, भिंगे आणि कूलरची रिकामी खोकी मांडून बसलेलो. तारीख मात्र सूर्याच्या हातात होती. जळगावचे अक्षांश सुमारे २१ अंश. सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे उत्तरेकडचे अंतर, तेवढी झाली की तो माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली नाहीशी होते. जुलैमध्ये हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांपुढे कोणाचे चालत नाही.

मेळाव्याचा आरंभ शंकू, म्हणजे सावली पाहायची उभी दांडी, रोवून होई. आमचे विज्ञानाचे सर एका फळीवर ओळंबा धरून लाकडी दांडी सरळ उभी करीत आणि दर वर्षी न चुकता चाळीसगावजवळच्या पाटणची गोष्ट सांगत. शके १०३६ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे, म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याचा शिलालेख तेथे आहे. काचेचा तुकडाही न लागणारे शंकूचे हे यंत्र आपल्या अंगणातले आहे, असे सर म्हणत. गोष्ट पाठ झालेली मुले मागे हळूच ओठ हलवीत.

खरी धामधूम दुर्बिणीची. नळी येई केळीवाल्या आप्पांच्या शेतातून. ठिबकच्या कामातून उरलेली पीव्हीसीची नळी ते मोटारसायकलला आडवी बांधून आणीत. भिंग चष्म्याच्या दुकानातले, अधिक एक नंबरचे, म्हणजे सूर्याची प्रतिमा बरोबर एक मीटरवर पाडणारे. अशा भिंगातून पडणारी सूर्याची प्रतिमा जेमतेम ९ मिलिमीटरची असते, म्हणून ती मोठी करण्यासाठी मोडक्या द्विनेत्रीचे, म्हणजे बायनॉक्युलरचे, डोळ्याकडचे भिंग मागच्या टोकाला बसवीत आणि खोक्यात चिकटवलेल्या पांढऱ्या कागदावर १० सेंटिमीटरचा सूर्य उतरवीत. आतून परावर्तन होऊ नये म्हणून नळीला काळा रंग देणे हे आमच्यापैकी धाकट्यांचे काम होते. काठीला चिंधी गुंडाळून तो द्यावा लागे आणि कोपरापर्यंत हात काळे होत. नळीत डोळा घालायचा नाही, हा पहिला आणि शेवटचा नियम होता. नेम धरायचा तो सावलीवरून: नळीची जमिनीवरची सावली लहानात लहान, गोल होईपर्यंत ती हलवीत राहायची, की कागदावर एकदम तेज सांडे. इतकी वर्षे सूर्य पाहिला, तो त्याच्याकडे पाठ करूनच.

मग सूर्यावरचे डाग कागदावर रेखाटण्याचे काम. प्रतिमा कागदावर ठरत नसे; पृथ्वीच्या फिरण्यामुळे सूर्य सुमारे दोन मिनिटांत आपल्या व्यासाएवढा सरकतो, त्यामुळे एकाने नळी सरकवीत राहायची आणि दुसऱ्याने शिसपेन्सिलीने डाग टिपायचे. या जोड्यांमध्ये जेवढी भांडणे झाली तेवढी मंडळाच्या निवडणुकीतही झाली नसतील. सीडीच्या तुकड्याचे आणि दाढीच्या पात्यांच्या फटीचे, प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारे वर्णपटदर्शकही कोणी कोणी करून आणी. मला ते कधी नीट जमले नाही.

एका वर्षी द्विनेत्रीचे सुटे केलेले पुढचे भिंग मी खोक्याला टेकवून ठेवले आणि पाणी प्यायला गेलो. परतलो तो जळका वास येत होता. शाळेच्या सतरंजीला हरभऱ्याएवढे भोक पडले होते, मधोमध काळेभोर आणि कडेने तपकिरी. मी रडकुंडीला आलो असताना सरांनी सगळ्या मुलांना गोळा केले आणि सौरडागाची गडद छाया व तिच्याभोवतीची फिकट उपछाया त्या भोकावरूनच शिकवली. सतरंजीचे पैसे मात्र माझ्या वडिलांनी भरले.

८ जून २००४ रोजी शुक्राचे अधिक्रमण होते, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता, म्हणून त्या वर्षी मेळावा पुढे ढकलला. याआधीचे अधिक्रमण १८८२ मधले. सुमारे सहा तास तो काळा ठिपका आमच्या कागदावरून सरकत होता. सूर्याच्या व्यासाचा बत्तिसावा भाग, म्हणजे आमच्या चित्रात ३ मिलिमीटर, मोहरीपेक्षा थोडा मोठा. आप्पा बराच वेळ न बोलता उकिडवे बसले होते आणि ढग आला की खोक्यावर थाप मारीत, जणू त्याने तो हलणार होता.

एरवीच्या वर्षी बारा वाजून पंचवीस मिनिटांच्या सुमारास सारे शंकूभोवती जमत. सावली आखडत आखडत दांडीच्या बुंध्यात शिरे. आप्पांची नात उन्हात उडी मारून पायाखाली पाही आणि ओरडे, "माय वं, मनी सावली गयी!" आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेलेली असली तरी नंतर कडुनिंबाखाली आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्यांचा बेत ठरलेला असे.

संध्याकाळी नळी आप्पांच्या मोटारसायकलला पुन्हा आडवी बांधली जाई, कारण पावसाच्या तोंडावर तिची शेतात गरज पडे. पुढच्या वर्षी दुसरी नळी येई आणि पुन्हा चिंधी, पुन्हा काळा रंग. त्यांच्या केळीच्या बागेत आतून काळ्या केलेल्या किती नळ्या पाणी वाहत आहेत, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.