अँड्रॉइडमधल्या प्रोसेसची ओळख: यूआयडीच्या अभ्यासाची नोंद

परवानग्यांच्या सेटिंग्ज तपासून झाल्यावर या वेळी मी त्यांच्या खालच्या थराकडे, म्हणजे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ज्या क्रमांकावरून प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, कोणाच्या नावावर आहे हे ओळखतो त्या यूआयडीकडे (यूजर आयडी) वळलो. अँड्रॉइडमध्ये हा क्रमांक माणसाचा नसून ॲपचा असतो. ॲप इन्स्टॉल होताना त्याला १०००० ते १९९९९ यांपैकी एक क्रमांक मिळतो.

ठाणे स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानातून घेतलेल्या जुन्या फोनवर मी वर्क प्रोफाइल, म्हणजे कामाच्या ॲपसाठीचा वेगळा कप्पा, तयार केले, एकच ॲप दोन्हीकडे सुरू केले आणि एडीबी शेलमधून, म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा देण्याच्या साधनातून, प्रोसेसची यादी काढली. एक प्रोसेस यू०_ए१५३ या नावाने दिसली, दुसरी यू१०_ए१५३ या नावाने. यातला ‘यू’नंतरचा आकडा प्रोफाइलचा आणि ए१५३ म्हणजे ॲपचा क्रमांक १०१५३. प्रोफाइलच्या क्रमांकाला १,००,००० ने गुणून त्यात ॲपचा क्रमांक मिळवायचा, म्हणजे पहिलीचा यूआयडी १०१५३ आणि दुसरीचा १०१०१५३ येतो. कर्नलच्या लेखी हे दोन वेगळे वापरकर्ते आहेत, त्यामुळे एकाच ॲपच्या या दोन प्रतींना एकमेकींच्या खासगी फाइली उघडता येत नाहीत. प्रोसेसच्या स्टेटस फाइलमध्ये यूआयडीचे चार आकडे असतात (जुना यूआयडी राखून ठेवायची जागाही त्यांत असते) आणि ॲपच्या प्रोसेसमध्ये ते चारही सारखेच दिसले. म्हणजे रूटकडे, सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याकडे, परतण्याची वाट कुठेही राखून ठेवलेली नाही.

ही वाट झायगोटमध्ये, म्हणजे सर्व ॲपच्या प्रोसेस जिच्यातून जन्मतात त्या मूळ प्रोसेसमध्ये, बंद होते. रूट म्हणून चालणाऱ्या झायगोटमधून नवी प्रोसेस फोर्क झाली (तिची प्रत निघाली) की तिला आधी गट, मग यूआयडी आणि त्यानंतर एसईलिनक्स या जादा सुरक्षा-यंत्रणेचे लेबल लागते. गट आधी लावावे लागतात, कारण रूटपण सोडल्यावर ते बदलण्याचा अधिकार सहसा उरत नाही. या टप्प्यावर केवढे अवलंबून आहे, हे २०१० च्या ‘रेज अगेन्स्ट द केज’ या हल्ल्यातून कळते. एडीबीची सेवा रूट म्हणून सुरू होऊन सेटयूआयडीने (यूआयडी बदलणाऱ्या कॉलने) २००० या शेलच्या क्रमांकावर उतरत असे. हल्लेखोराने शेलच्या नावावर, एका वापरकर्त्याला ठरलेली प्रोसेसची मर्यादा संपेपर्यंत, प्रोसेस निर्माण करून ती सेवा पुन्हा सुरू व्हायला लावली; मर्यादेमुळे सेटयूआयडी फसले, त्याचे उत्तर कोड तपासत नव्हता आणि सेवा रूटच राहिली. मला हे उदाहरण सर्वांत मोलाचे वाटते, कारण येथे परवानग्यांच्या नियमांत खोट नव्हती; अधिकार सोडण्याची क्रिया पूर्ण झाली की नाही, एवढेच पाहायचे राहिले होते.

वाशीच्या एका सहअभ्यासकाला टर्मिनल ॲपमध्ये फक्त त्या ॲपच्याच प्रोसेस दिसत होत्या. अँड्रॉइड ७ पासून इतरांच्या प्रोसेस ॲपपासून लपवल्या जातात. शेल मात्र ३००९ या, इतरांच्या प्रोसेस पाहू देणाऱ्या रीडप्रॉक गटात असल्यामुळे त्याला त्या दिसतात, म्हणून अशी यादी एडीबीमधूनच काढावी. पुढे ब्राउझरच्या टॅबसाठी चालणाऱ्या आयसोलेटेड (मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या) प्रोसेसचे क्रमांक पाहणार आहे. त्यांना ॲपचा यूआयडीसुद्धा मिळत नाही, तेव्हा ॲपच्या स्वतःच्या फाइली त्यांना किती दुरावतात हे मला तपासायचे आहे.