एस्टीमचं इंजिन, 62 हजार आणि लेथवाले मामा

मागच्या दिवाळीत पन्हाळ्याला चाललो होतो, वाघबीळच्या चढाला तिसऱ्या गिअरला गाडी अक्षरशः रडत होती आणि मागनं एक सीएनजी वॅगनआर हॉर्न मारत पुढं निघून गेली. आत पाच माणसं आणि मागं काचेला टेकवलेली पोती. त्याच दिवशी ठरवलं, आता इंजिन उघडायचंच.

गाडी माझी 2003 ची मारुती एस्टीम व्हीएक्सआय. यात 1298 सीसीचं 16 व्हॉल्व्हचं जी13बीबी इंजिन, कंपनीचा आकडा 85 बीएचपी, आणि गाडीचं वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास. हिशोब केला तर टनाला 97 बीएचपी होतात, रॅलीत एस्टीमा उगाच पळत नव्हत्या. फक्त माझ्या 85 घोड्यांतले जिवंत किती उरलेत तेवढा प्रश्न होता.

आधी माझा गाढवपणा सांगतो. दोन वर्षांपूर्वी 14 हजार घालून जाडजूड एक्झॉस्ट पाइप आणि तो हवेचा उघडा कोन फिल्टर बसवून घेतलेला. आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून बसायची, आणि गाडी पहिल्यापेक्षा मठ्ठ. कारण फिल्टर बसला बरोबर गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांच्या) शेजारी, म्हणजे इंजिन दिवसभर तापलेली हवा ओढतंय, आणि पाइप एवढा मोठा की कमी आरपीएमला धुराचा वेगच पडतो. दोन हजारच्या खाली जीवच नव्हता. फिल्टर काढून जुना डबा परत लावला तेव्हा कुठं बरं वाटलं. ते 14 हजार गेलेच.

मग सगळ्यांचा ठरलेला सल्ला, "भावा, बलेनोचं 1.6 टाक की." जुन्या बलेनोचं इंजिन 94 बीएचपीचं, टॉर्कही चांगला जास्त, आणि नाद म्हणून मस्तच आहे, नाही म्हणत नाही. पण आरसीवर इंजिन नंबर बदलायचा, आरटीओच्या चकरा, त्यात मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगून ठेवलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये फेरफार चालणार नाही. 2023 ला 5000 फी भरून गाडीच्या रजिस्ट्रेशनची पाच वर्षं वाढवून घेतलीत, ती कशाला घालवू. म्हणून ठरलं, नंबर तोच, ब्लॉक तोच, आणि बजेट 60 हजार.

सुरुवात कॉम्प्रेशन टेस्टनं, म्हणजे प्रत्येक सिलेंडर हवा किती दाबून धरतो ते मोजायचं. गेज मित्राचा. तीन सिलेंडर 150 च्या आसपास आणि तिसऱ्या नंबरचा 105 पीएसआय. चांगल्या इंजिनला 170-180 च्या पुढं पाहिजे. मग प्लगच्या भोकातनं चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजलं, 105 चे एकदम 140 झाले. ऑइलनं आकडा चढला म्हणजे दोष पिस्टनच्या रिंगांचा, नसता चढला तर व्हॉल्व्हचा. फुकटातली टेस्ट आहे, कुणी इंजिन खोला म्हणालं तर आधी ही करा.

इंजिन उतरवलं आणि मोकळा ब्लॉक टेम्पोत टाकून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मामांच्या लेथवर नेला. (मामा माझे कोणी लागत नाहीत, सगळेच त्यांना मामा म्हणतात.) म्हटलं मामा, झिरो फिफ्टीचा बोअर मारून द्या. (म्हणजे सिलेंडरचं भोक अर्धा मिमी मोठं करायचं आणि त्यात तेवढाच मोठा पिस्टन.)

"पिस्टन कुठायत?"

"येतील की दोन दिवसांत."

"मग ब्लॉक पण दोन दिवसांनी आण. पुस्तकातल्या आकड्यावर बोअर मारत न्हाई मी. पिस्टन हातात आला, त्याचं माप घेतलं की मग मारतो."

ब्लॉक परत टेम्पोत. टेम्पोवाल्यानं दोन्ही वेळचं भाडं घेतलं ते वेगळं. पण पिस्टन आल्यावर मामांनी चारी पिस्टन मायक्रोमीटरनं मोजले आणि प्रत्येकावर स्केच पेननं नंबर टाकला, कारण चारांत एकाचं माप बारीकसं वेगळं निघालं, त्या पिस्टनसाठी त्याचा तो सिलेंडर वेगळा होन केला, म्हणजे आतनं घासून मापाला आणला. मी तिथं स्टुलावर बसून फक्त बघत होतो.

आता गंमत बघा, 74 चा बोअर 74.5 झाला म्हणजे 1298 चे झाले 1316 सीसी. 18 सीसी वाढले, चहाच्या कपात तळाला राहतो तेवढा. बोअर मारल्यानं ताकद वाढते असं जे लोक सांगत फिरतात त्यांनी हे एकदा कागदावर मांडून बघावं. मला सीसी नको होते, गोल सिलेंडर आणि धरणाऱ्या रिंगा पाहिजे होत्या. रिंगा सिलेंडरमध्ये एकेक घालून, पिस्टननं सरळ ढकलून, फिलर गेजनं गॅप मोजला, 0.30 मिमी धरून कानशीनं घासत बसलो. रविवार सगळा त्यात.

खरी ताकद हेडमध्ये, म्हणजे सिलेंडरवरच्या व्हॉल्व्हवाल्या झाकणात. व्हॉल्व्ह सीट तीन अँगलला कापून घेतल्या, 30-45-60, पोर्टमध्ये (हवा-धुराच्या वाटेत) सीटच्या खाली कास्टिंगची जी पायरी राहिलेली असते ती डाय ग्राइंडरनं काढली, आणि इनटेक मॅनिफोल्डचं तोंड गास्केटला मिळवून घेतलं. पोर्ट मोठे केले नाहीत, हात शिवशिवत होता पण केले नाहीत. मग हेडचं फेसिंग, खालची बाजू 0.5 मिमी घासून घेतली. चेंबरवर अ‍ॅक्रिलिकचा तुकडा ग्रीसनं चिकटवून भोकातनं सिरिंजनं रॉकेल भरत एकेक सीसी मोजला. गास्केटची जागा धरून हिशोब केला तर कॉम्प्रेशन रेशो (हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं तो आकडा) 9 वरनं साडेनऊच्या जवळ गेला. त्याहून पुढं जायची हिंमत नव्हती, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) कंपनीचाच आहे आणि नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठकठक, सुरू झालं तर सांभाळणार कोण.

हेड खाली आलं म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ आले, ते तपासायला पुतणीची क्ले ढापली. पिस्टनवर हिरव्या क्लेची टिकली ठेवून हेड कसलं, टायमिंग बेल्ट लावला, पान्यानं क्रँक हातानं दोन फेरे फिरवला आणि परत उघडलं. क्लेवर व्हॉल्व्हचा चंद्रकोरीसारखा ठसा, ब्लेडनं कापून जाडी मोजली, दोन मिमीच्या वर. सुटलो. पुतणीला नवीन डबा घेऊन द्यावा लागला, तो पण हिशोबात धरलाय.

पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या बदलल्या. पेट्रोलमधलं इथेनॉल नॉकिंग टाळायला चांगलं पण 2003 च्या रबराला नाही, आणि गरम एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकणं म्हणजे खेळ खलास.

एकूण 62 हजार, बजेटच्या वर दोन. त्यात पिस्टन-रिंगा, बेअरिंग, गास्केट सेट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच प्लेट आणि मामा. सगळ्यात जास्त पैसे वसूल कुठं झाले विचाराल तर मामांचे. त्यांचं बिल सगळं मिळून त्या एक्झॉस्टपेक्षा कमी.

500 किमी मुकाट्यानं, इंजिन न ताणता रनिंग-इन केलं, ऑइल बदललं आणि गेल्या रविवारी परत वाघबीळ. डायनोबियनो (ताकद मोजायचं मशीन) काही केलं नाही त्यामुळं बीएचपीचा आकडा मागू नका. तोच चढ, तोच तिसरा गिअर, तीन हजारला पाय दाबला आणि काटा पाच हजारच्या पुढं गेला तरी श्वास संपेना, शेवटी वळण आलं म्हणून मीच पाय काढला. चारी सिलेंडर आता 185 च्या आसपास दाखवतात.

गडावर गाडी लावून झुणका-भाकरी खाल्ली, येऊन सवयीनं खाली वाकून बघितलं तर फरशीवर ऑइलचे दोन थेंब. तिथनंच मामांना फोन लावला.

"कॅमचं सील बदललंस काय?"

"नाही, जुनंच चांगलं होतं की."

"60 हजार घातलंस आन दीडशेचं सील वाचवलंस व्हय रे?"

ते सील बेल्टच्या मागं, म्हणजे रविवारी परत बेल्ट उतरवायचाय.