हे असलं का वाचते, तुम्ही विचारलंत म्हणून

गेल्या महिन्यात एक जुनी विद्यार्थिनी घरी आली, टेबलावरची पुस्तकं चाळली आणि म्हणाली, "मॅडम, एवढी वर्षं साहित्य शिकवलंत, आणि आता हे असलं का वाचता?" हाच प्रश्न धाकटा भाऊ विचारतो, माझ्याबरोबर निवृत्त झालेले सहकारी विचारतात. हे असलं म्हणजे जुन्या काळात घडणाऱ्या खुनांच्या गोष्टी, राक्षस आणि चेटकिणी असूनही कुठेच महायुद्ध नसलेल्या सौम्य अद्भुतकथा, आणि प्रेमकथा. आजवर मी "वेळ जातो" म्हणून विषय बदलत आले. ते खरं नव्हतं. एकदा काय ते नीट सांगते.

एलिस पीटर्स या नावाने लिहिणाऱ्या एडिथ पार्जेटर यांची ब्रदर कॅडफेल मालिका घ्या. बाराव्या शतकातलं इंग्लंड, श्रूजबरीचा मठ, आणि तिथली औषधी झाडांची बाग सांभाळणारा एक वेल्श साधू, जो तरुणपणी क्रुसेडमध्ये, म्हणजे ख्रिश्चनांच्या धर्मयुद्धात, लढून आलाय. १९७९ साली आलेल्या दुसऱ्या कादंबरीत राजा स्टीफन ११३८ मध्ये श्रूजबरीचा किल्ला जिंकतो आणि आतल्या ९४ जणांना फासावर चढवतो. त्यांना मूठमाती देण्याचं काम कॅडफेलकडे येतं. तो प्रेतं मोजतो, तर ती भरतात ९५. त्या एकाला कोणीतरी गळा आवळून मारलंय आणि फाशी गेलेल्यांच्या ढिगात सरकवून दिलंय. एवढ्या मढ्यांत एक जास्त, कोण बघतंय! कॅडफेल मात्र अडून बसतो. ९४ जणांना राजाने मारलं, ते त्याच्या हातात नाही, पण या एकाचा हिशेब लागलाच पाहिजे. तुम्ही याला करमणूक म्हणता. मी रात्री दोन वाजता ते पान वाचलं आणि उठून पाणी प्यायले.

सुजाता मॅसी यांची २०१८ची कादंबरी तर आपल्या मुंबईतलीच. साल १९२१, परवीन मिस्त्री ही पारशी वकील, आणि मलबार हिलवर पडद्यात राहणाऱ्या एकाच नवऱ्याच्या तीन विधवा. तिघी आपापला मेहेर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायचं धन, दान करून टाकायला तयार आहेत असं कागद सांगतो, आणि परवीनला सह्यांची शंका येते. पुरुष वकिलाला त्या घराच्या आत पाऊल टाकता येत नाही, तिला येतं. कोर्टात मात्र तिला उभं राहता येत नाही. या परवीनच्या पात्रामागे आहेत खऱ्याखुऱ्या कॉर्नेलिया सोराबजी, आपल्याकडच्या पहिल्या स्त्री-वकिलांपैकी एक, १८६६ मध्ये नाशिकला जन्मलेल्या. ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ मध्ये दिली, आणि बायकांना वकिली करू देणारा कायदा यायला १९२३ उजाडलं. कादंबरीत परवीनला सासरी, कोलकात्यात, पाळीच्या दिवसांत वेगळ्या खोलीत ठेवतात. ते वाचताना मला आमच्या वाड्यातली जिन्याखालची जागा दिसली. तिथे आजी बसायची, घोंगडीवर, पाण्याचा तांब्या वेगळा. हे वास्तव नाही असं मला कोणी सांगू नये.

पण तुमचा आक्षेप पलायनाचा असतो, आणि तो शब्द माझाच आहे. मीच तो वर्गात लिहून दिलाय. दर वर्षी. 'यमुनापर्यटन', १८५७, विधवांची दुःखं, त्याला दोन तास. मग 'मुक्तामाला', १८६१, आणि 'मंजुघोषा', १८६८, दोन्ही मिळून पाच मिनिटं: "अद्भुतरम्य कादंबऱ्या, वास्तवापासून पलायन, पुढे चला." पोरी खाली मान घालून लिहून घ्यायच्या. 'मंजुघोषा' तोवर मी पूर्ण वाचलेलीही नव्हती.

हा शब्द मी शिकवायला लागण्याआधी घरात वापरला होता.

१९८७ची दिवाळी. मी पुण्याला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीला सांगलीला घरी आले होते, आणि माझ्याबरोबर वर्गातल्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. आई स्वयंपाकघरात पाटावर बसून चिवड्याचे पोहे भाजत होती. समोर पिठाच्या डब्याला टेकवून लायब्ररीतली कादंबरी उभी केलेली. खाकी कागदाचं कव्हर, कडेला तेलकट बोटं उमटलेली. एक हात झाऱ्यावर, दुसऱ्या हाताची करंगळी पानावर, कारण बाकीच्या बोटांना हळद होती. खूण म्हणून ती हिराच्या झाडूची काडी घालायची, तसली काडी डब्यावर ठेवलेली होती.

मी ते पुस्तक उचललं. सहज उचललं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं, पण सहज नव्हतं ते. मैत्रिणी बघत होत्या आणि माझी आई हे वाचते याची मला लाज वाटली होती. मी मधलंच पान काढून मोठ्याने वाचायला लागले. कोणीतरी डॉक्टर होता, पावसात भिजलेला, आणि दारात उभी असलेली ती. मी आवाज काढून वाचलं, हातवारे करून वाचलं. मैत्रिणी हसल्या. मी आणखी वाचलं. आईही हसली. झारा हातात धरून, पोह्यांकडे बघत, ती आमच्याबरोबर हसली. मग मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आई, हे पलायन आहे गं. जरा चांगलं वाच." संध्याकाळी फिरायला निघाले तेव्हा ते पुस्तक मीच लायब्ररीत परत देऊन टाकलं. तिची शेवटची तीसेक पानं राहिली होती. ते मला माहीत होतं, काडी कुठे होती ते मी पाहिलं होतं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा म्हणाली, "बरं झालं. तारीख उलटलीच होती, दंड बसला असता."

त्याऐवजी मी तिला हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' दिली, माझी स्वतःची प्रत, पेन्सिलीने खुणा केलेली. पुढच्या सुट्टीत ती माझ्या कपाटात जागेवर होती. वाचलीस का, विचारलं. "थोडी वाचली. हे आमच्या घरातलंच आहे गं," म्हणाली. तिची आत्या लाल आलवणात होती. तिने आत्याला न्हाव्यासमोर बसलेलं पाहिलं होतं. कादंबरीतल्या विधवा यमूचं केशवपन तिला पुस्तकातून कळायची गरज नव्हती. तिला काय हवं होतं हे मी विचारलंच नाही. त्यानंतर ती लायब्ररीत गेली नाही. पेपर वाचायची, पोथी वाचायची.

तेव्हाच्या मला आजही सगळं चूक म्हणता येत नाही, हेही लिहायला हवं. हरिभाऊ थोरच आहेत आणि मी ते वर्गात शिकवलं याचा मला अभिमान आहे. ती पावसातली वाक्यं खरंच सुमार होती. सुमार लिखाणाला सुमार म्हणायला मी शिकवलं, ते परत घेणार नाही. आज वाचते त्या पुस्तकांतही निम्मी टाकाऊ निघतात, आणि जी आवडतात तीही निर्मळ नाहीत. जॉर्जेट हेयर यांच्या जुन्या इंग्लंडातल्या प्रेमकथा मी दोनदोनदा वाचल्यात. त्यांच्या संवादांची चपळाई मला भल्याभल्यांत सापडली नाही. पण त्यांच्या १९५० सालच्या एका कादंबरीत ज्यू सावकाराचं जे चित्रण आहे, ते द्वेषाने माखलेलं आहे. हिटलरच्या छळछावण्या उघड्या पडून पाच वर्षं झाली होती तेव्हा. ते पान आलं की मी पुस्तक खाली ठेवते, आणि मग परत उचलते. याचं समर्थन माझ्याकडे नाही.

शिवाय दुसरी गोष्ट. पूर्वी वाचायचे तसली अंगावर येणारी पुस्तकं आता मला झेपत नाहीत. याला वय म्हणा, थकवा म्हणा. मी निवृत्त झाले त्या वर्षी जून आला, पाऊस आला, शाळा-कॉलेजं भरली आणि मला जायला वर्ग नव्हता. त्या दिवसांत ट्रॅव्हिस बॉल्ड्री यांची २०२२ची कादंबरी वाचली. विव्ह ही ओर्क, म्हणजे राक्षसकुळातली लढवय्यी, आयुष्यभर पैसे घेऊन लढल्यावर तलवार भिंतीला टांगते आणि ज्या गावाला कॉफी हा शब्दच माहीत नाही तिथे कॉफीचं दुकान काढते. सुतार येतो, बाकं होतात, एक उंदराच्या जातीचा बुटका आचारी दालचिनीचे रोल भाजतो. पुष्कळशी कादंबरी एवढीच. उंबऱ्याबाहेर जायला पाय उचलत नव्हता तेव्हा, मोठ्या हातांची कोणीतरी नवं काम शिकतेय हे मी रोज वीस पानं करून वाचलं, आणि पुस्तक संपल्यावर गल्लीतल्या मुलींना मोडी शिकवायला लागले. पुस्तकामुळेच लागले असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. क्रम मात्र असाच होता.

शेवट गोड असणार हे आधीच माहीत असतं, मग वाचायचं काय, असं भाऊ विचारतो. अरे, कीर्तनाला बसणाऱ्यांना सीतास्वयंवरात धनुष्य कोण मोडणार हे माहीत नसतं का? तरी पाठ टेकवत नाहीत.

आई आता ८४ वर्षांची आहे, माझ्याकडेच असते. डोळ्यांनी दिसायचं जवळपास थांबलंय. दुपारी जेवणं झाली की मी तिला परवीनची गोष्ट मराठीत सांगत सांगत वाचून दाखवते. मलबार हिलचा बंगला, जाळीमागच्या त्या तिघी. ती पलंगावर कुशीवर होऊन ऐकते, मध्येच विचारते, "मग तिला त्या खोलीतून बाहेर काढलं का कोणी?"

मागच्या आठवड्यात धीर करून विचारलं, ती दिवाळीतली कादंबरी कुठली होती, नाव आठवतं का. शोधून आणली असती. "नाही गं," म्हणाली, "डॉक्टर चांगला होता त्यातला, एवढं आठवतंय." मी म्हटलं, आई, तेव्हा माझं चुकलं. ती हसली आणि म्हणाली, "वाच पुढे."

तिला खरंच गोष्ट हवी असते, की मला बरं वाटावं म्हणून ती ऐकत पडते, हे मला कळत नाही. तेव्हाही ती हसलीच होती.